सॅली फील्ड : दर वेळी नव्याने परीक्षा द्यावी लागलेली नटी

निळी_शाई

सॅली फील्डचं नाव काढलं की आपल्याकडे बहुतेकांना फॉरेस्ट गम्पची आई आठवते, नाहीतर मिसेस डाउटफायरमधली बायको, आणि आत्ताच्या पोरांना स्पायडरमॅनची आंट मे. तिन्ही भूमिका दुसऱ्याच कुणाच्या तरी गोष्टीतल्या. जिच्या घरी दोन ऑस्कर आणि टीव्हीसाठीचे तीन एमी पुरस्कार आहेत तिची ओळख कुणाची आई, कुणाची बायको एवढीच उरावी हे मला फार खटकतं, म्हणून हा धागा काढतेय.

तिची सगळी कारकीर्द बघितली तर एक गोष्ट सारखी दिसते. या बाईला कुणीही सहजासहजी आत घेतलेलं नाहीये. एकदा सिद्ध केलं, मग पुन्हा सिद्ध कर, बक्षीस मिळालं तरी पुढच्या वेळी परत रांगेत उभी राहा, असं थेट पासष्टीपर्यंत चाललं.

जन्म १९४६, पॅसाडिना, कॅलिफोर्निया. आई मार्गारेट फील्ड पन्नासच्या दशकातल्या छोट्या बजेटच्या सिनेमांमधली नटी, सावत्र बाप जॉक माहोनी स्टंटमन आणि नट. अठराव्या वर्षी सॅलीला गिजेट ही मालिका मिळाली, समुद्रावर सर्फिंग करणारी हसरी पोरगी. १९६५-६६चा एकच सीझन, ३२ भाग, एबीसी चॅनलने बंद करून टाकली आणि मग उन्हाळ्यात पुन्हा दाखवलेले भाग लोकांनी डोक्यावर घेतले! तोवर उशीर झालेला, मग चॅनलला वाटलं या मुलीसाठी दुसरं काहीतरी काढू, आणि निघालं काय तर द फ्लाइंग नन. पोर्तो रिकोच्या सान हुआनमधल्या कॉन्व्हेंटमधली एक हलकीफुलकी नन, डोक्यावर पंखांसारखी कडक टोपी, वारा आला की ही उडायला लागते. सॅलीने आधी नाही म्हटलं होतं. घरून ऐकावं लागलं की आता नाही म्हणालीस तर पुन्हा काम मिळणार नाही, म्हणून घेतलं. १९६७ ते ७०, ८२ भाग तारेला लटकून उडण्यात गेले, शेवटच्या सीझनला ती गरोदर होती तर कॅमेऱ्यासमोर कधी हे धर कधी ते धर करून पोट लपवायचे.

त्या मालिकेवरून तिची इतकी थट्टा व्हायची की आपण अभिनेत्री आहोत यावर तिचा स्वतःचाच विश्वास उडत चालला होता. पण त्याच सेटवर मदर सुपिरियरचं काम करणाऱ्या मॅडलीन शेरवूडने तिला अॅक्टर्स स्टुडिओत नेलं, अभिनय शिकवणाऱ्या ली स्ट्रासबर्गकडे. दिवसा तारेला लटकून उडायचं आणि संध्याकाळी स्ट्रासबर्गसमोर सीन करायचा. माझ्या मते तिची खरी कारकीर्द इथे सुरू होते.

तरी पुढची पाच-सहा वर्षं कुणी दारात उभं करेना. सिनेमावाले म्हणणार ही टीव्हीची, टीव्हीवाले म्हणणार ही नन. १९७६ला बॉब राफेलसनच्या स्टे हंग्रीत जेफ ब्रिजेस आणि श्वार्झनेगरबरोबर काम मिळालं आणि त्याच वर्षी एनबीसी चॅनलवर सिबिल ही टीव्हीफिल्म आली. एकाच बाईत अनेक व्यक्तिमत्त्वं, लहानपणी आईने केलेल्या छळातून तुटलेलं मन, आणि समोर डॉक्टरच्या भूमिकेत जोआन वुडवर्ड, जिने स्वतः वीस वर्षांपूर्वी अशाच भूमिकेसाठी ऑस्कर घेतलेलं. या भूमिकेसाठी सॅलीला बघायलाही लोक तयार नव्हते. १९७७ला तिला एमी मिळालं.

मग १९७९ नॉर्मा रे. त्यावर वेगळं लिहायला हवं, मी थांबते आधी तुम्ही बोला. कुणी काय काय पाहिलंय?

---

जुनी_रीळ

वा, सुंदर धागा. सिबिल मी बऱ्याच उशिरा पाहिली आणि ती पियानो ऐकून कोलमडते तो भाग बघताना मला मध्येच बंद करावं लागलं होतं. एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो, ज्या खऱ्या केसवर ते पुस्तक आणि ही फिल्म बेतलेली होती त्या केसबद्दल नंतर बरेच प्रश्न उपस्थित झाले, डॉक्टरांनीच रुग्णाच्या डोक्यात हे भरवलं का वगैरे. त्यामुळे वैद्यकीय सत्य म्हणून तिच्याकडे बघू नये. पण अभिनय म्हणून बघा, लहान मुलीचा आवाज लावून बोलणं हे कुणीही करेल, ही बाई खांदे बदलते, बसण्याची जागा बदलते, नजर कुठे टेकवायची ते बदलते. कुठे बटण दाबल्यासारखं वाटत नाही.

---

परळचा_भोंगा

नॉर्मा रे बद्दल मी लिहू का, कारण आमच्या घरात तीन पिढ्या गिरणीत गेल्यात आणि हा सिनेमा मी आजोबांबरोबर बसून पाहिलाय, त्यांना इंग्रजी कळत नव्हतं तरी मला फार काही सांगावं लागलं नाही. सुरुवातीलाच नॉर्माच्या आईला मागांच्या आवाजाने ऐकू येईनासं होतं आणि कंपनीचा डॉक्टर म्हणतो होईल बरं, जा कामावर. आजोबा लगेच म्हणाले, आमच्याकडे पण असंच होतं. हवेत तरंगणारा कापूस, घामाने चिकटलेले केस, मान वर न करता काम करणारी माणसं. शूटिंग अलाबामातल्या ओपेलायकाच्या खऱ्याखुऱ्या गिरणीत केलंय त्यामुळे सेट वाटतच नाही.

गोष्ट खरी आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या रोनोक रॅपिड्सला जे पी स्टीव्हन्स कंपनीची गिरणी, तिथे टॉवेलच्या घड्या घालणारी क्रिस्टल ली नावाची कामगार. १९७३ला युनियनच्या कामावरून तिला काढून टाकलं तेव्हा तिने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात युनियन असं लिहिलं, टेबलावर चढली आणि तो पुठ्ठा वर धरून गोल फिरत राहिली. एकेकाने आपापलं मशीन बंद केलं. सिनेमात हा सीन आहे आणि मशीनं थांबत थांबत शेवटी जी शांतता येते ना, तेव्हा सॅलीच्या चेहऱ्यावर विजय वगैरे काही नाहीये, भीती आहे. हात थरथरतायत. तिला आता पोलीस नेणार हे तिला माहितीये. म्हणून तो सीन एवढा खरा वाटतो.

आणि हे पण सांगायला पाहिजे की १९७४ला कामगारांनी युनियनच्या बाजूने मत दिलं पण कंपनीने करार केला १९८० साली! म्हणजे सिनेमा रिलीज झाला तेव्हा बाहेर प्रत्यक्षात लढाई चालूच होती. आमच्याकडे १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर पडली, पुढे काय झालं ते सगळ्यांना माहिती आहे. त्यामुळे शेवटी नॉर्मा जिंकते तेव्हा आजोबा काहीच बोलले नाहीत, उठून आत गेले.

---

निळी_शाई

परळचा_भोंगा, किती मनापासून लिहिलंत. तुम्ही म्हणता ती भीती, तीच मला तिच्या प्रत्येक चांगल्या कामात दिसते. धाडसी बायका ती करते पण त्यांना भीती वाटते हे कधी लपवत नाही.

थोडी भर घालते. दिग्दर्शक मार्टिन रिट स्वतः पन्नासच्या दशकातल्या कम्युनिस्टविरोधी ब्लॅकलिस्टमध्ये अडकून काम गमावलेला माणूस, त्यामुळे बाहेर बसवल्याचं दुःख त्याला ठाऊक होतं. स्टुडिओला सॅली नको होती, तो अडून बसला. कान्समध्ये सर्वोत्तम अभिनेत्री, मग ऑस्कर. आणि मला या सिनेमातली आणखी एक गोष्ट आवडते, न्यूयॉर्कहून आलेला तो युनियनवाला रूबेन आणि नॉर्मा यांच्यात प्रेमप्रकरण घुसवलेलं नाहीये. शेवटी दोघं हात मिळवतात, बस. तो तिला शिकवतो, वाचायला देतो, ती त्याच्यापेक्षा पुढे जाते.

---

तिकीटबारी

ऑस्करवरून आठवलं, ते तुम्हाला मी आवडते वालं भाषण हिचंच ना? त्याची किती नक्कल झालीये, अगदी कार्टूनमध्येसुद्धा. खरं सांगू, मला ते भाषण जरा जास्तच वाटलेलं.

---

निळी_शाई

हो तिचंच, १९८५चं, प्लेसेस इन द हार्टसाठी दुसरं ऑस्कर मिळालं तेव्हाचं. पण नकला करणारे फक्त शेवटचं वाक्य उचलतात, ते पण मोडतोड करून. त्याआधी ती काय म्हणाली ते बघा. माझी कारकीर्द सरळ वाटेने गेलेली नाही, तुमचा आदर मिळावा अशी माझी सगळ्यात मोठी इच्छा होती, पहिल्या वेळी मला तो जाणवला नाही, या वेळी जाणवतोय, आणि आत्ता या क्षणी तुम्हाला मी आवडते हे मी नाकारू शकत नाही. असं आहे ते सगळं. वीस वर्षं जिला उडणारी नन म्हणून हसले त्या बाईचं हे बोलणं आहे, पहिलं ऑस्कर हातात असूनही तिला ते आपलं वाटलं नव्हतं. यात जास्त काय आहे? पुरुष नटाने हेच म्हटलं असतं तर प्रामाणिकपणा म्हणून कौतुक झालं असतं असं मला ठामपणे वाटतं.

आणि सिनेमाही बघाच. टेक्सासमधलं वॅक्साहाची गाव, मंदीचा काळ, नवरा शेरीफ तो एका अपघाती गोळीने जातो, घरावर बँकेचं कर्ज, हिला घरकामापलीकडे काही येत नाही. डॅनी ग्लोव्हरने केलेला एक काळा मजूर तिला कापूस लावायला शिकवतो, घरात एक आंधळा भाडेकरू, तो जॉन माल्कोविच. हंगामाची पहिली गाठ बाजारात आणणाऱ्याला बक्षीस असतं, त्यासाठी सगळे रात्रंदिवस वेचणी करतात, बोटं फाटून रक्त येतं. त्या वर्षी शेती वाचवणाऱ्या बायकांचे तीन सिनेमे आले होते आणि तिघींना ऑस्करचं नामांकन होतं, जेसिका लँगला कंट्रीसाठी, सिसी स्पेसेकला द रिव्हरसाठी आणि हिला. मला तिन्हींत हा उजवा वाटतो, कारण कर्ज, कापूस आणि वर्णद्वेष एकाच घराच्या दाराशी येऊन थांबतात आणि ती बाई हिशोबाची वही उघडून बसते.

---

जुनी_रीळ

यात मर्फीज रोमान्सची गोष्ट यायला हवी. १९८५. सॅलीची स्वतःची निर्मिती कंपनी, दिग्दर्शक पुन्हा मार्टिन रिट. नायक म्हणून या दोघांना जेम्स गार्नर हवा होता आणि स्टुडिओ तयार नाही, कारण काय तर तो टीव्हीचा माणूस! दोघंही हटले नाहीत. गार्नरला त्याच्या आयुष्यातलं एकमेव ऑस्कर नामांकन त्याच भूमिकेसाठी मिळालं. जिला टीव्हीची म्हणून दाराबाहेर ठेवलं होतं तिने हातात सत्ता आल्यावर तशाच दुसऱ्या माणसासाठी भांडण केलं, हे मला तिच्या दोन्ही ऑस्करइतकंच मोठं वाटतं.

---

डोंगरवाट

मला मात्र नव्वदच्या दशकातली सॅली फील्ड जरा निराश करते. नॉट विदाउट माय डॉटर (१९९१) तर मला अजिबात पटला नाही, अख्ख्या इराणी समाजाला एका रंगात रंगवलंय, तिथलं एकही माणूस धड नाही म्हणजे काय. त्यावर तेव्हाही टीका झाली होती आणि ती योग्यच होती. आणि मग सरळ आईच्या भूमिका. फॉरेस्ट गम्पमध्ये तिला करायला होतं काय?

---

खिडकीपाशी

डोंगरवाट, इराणवाल्याबद्दल सहमत. पण आईच्या भूमिकांचा दोष तिचा कसा? १९८८ला पंचलाइन नावाचा सिनेमा आला होता, त्यात ती घर सांभाळून स्टँडअप कॉमेडी करू बघणारी बाई आणि टॉम हँक्स तिच्या प्रेमात पडलेला कॉमेडियन. १९९४ला तोच हँक्स तिचा मुलगा! दोघांच्या वयात पुरतं दहा वर्षांचंही अंतर नाहीये. सहा वर्षांत ती प्रेयसीवरून थेट आई झाली आणि हँक्स तिथेच राहिला. आपल्याकडे लाल सिंग चढ्ढामध्ये तर आईचं काम करणारी मोना सिंग आमिरपेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान, म्हणजे हे दुखणं तिथलंच नाही.

आणि करायला काय होतं म्हणता तर शाळेच्या मुख्याध्यापकासमोर बसलेली ती बाई बघा परत. पोराला साध्या शाळेतच घालणार म्हणून बसलीये, समोरचा काय किंमत मागतोय ते तिला कळतं, आणि कळल्याचं एका नजरेत दिसतं. दक्षिणेतल्या एकट्या बाईचं सगळं आयुष्य त्यात आलं.

---

तिकीटबारी

मिसेस डाउटफायर लहानपणी पाहिला तेव्हा मला ती व्हिलन वाटायची, बापाला मुलांपासून तोडणारी. आता दोन मुलं झाल्यावर पाहिला आणि पहिल्या वीस मिनिटांतच मी तिच्या बाजूला गेले. दिवसभर ऑफिस करून घरी यायचं तर दिवाणखान्यात घोडा! आणि नवऱ्याची प्रत्येक गंमत तिने निस्तरायची. ती ओरडत नाही हो, ती दमलीये, आणि सॅली फील्डने ते दमणं इतकं बारकाईने केलंय की एवढ्या विनोदी सिनेमात दुसरी कुणी असती तर नुसती कजाग वाटली असती. आपल्या चाची ४२० मध्ये कमल हासनने लक्ष्मी गोडबोले होऊन नऊवारी नेसून धमाल केली, पण तिथे शेवटी जोडपं परत एकत्र येतं. मूळ सिनेमात ते एकत्र येत नाहीत. मुलांना आई आणि बाप दोघं मिळतात, लग्न मात्र संपलेलंच राहतं, आणि ते मला जास्त खरं वाटतं.

---

जुनी_रीळ

+१. याच शूटिंगच्या वेळची एक गोष्ट सॅलीने नंतर सांगितलीये. तिचे वडील गेल्याचा फोन आला होता आणि ती कुणालाही न सांगता सेटवर काम करत होती. रॉबिन विल्यम्सच्या लक्षात आलं काहीतरी बिनसलंय, त्याने बाजूला नेऊन विचारलं आणि मग तिला लगेच जाता यावं म्हणून शूटिंगचं वेळापत्रकच फिरवायला लावलं.

डोंगरवाट, तुम्ही स्टील मॅग्नोलियाज (१९८९) पाहिलाय का? दफनभूमीतला सीन. मुलीला किडनी दिली तरी मुलगी गेली, ज्युलिया रॉबर्ट्स ती मुलगी, आणि अंत्यसंस्कारानंतर मैत्रिणी विचारतात बरी आहेस ना. ही म्हणते मी ठणठणीत आहे, धावत टेक्सासला जाऊन येईन, माझी मुलगी नाही ना जाऊ शकत. मग राग, मग का का म्हणून किंचाळणं, आणि त्यातच एक मैत्रीण भलताच विनोद करते आणि ही रडता रडता हसायला लागते. या सगळ्याला मिळून काही मिनिटंच लागतात आणि कुठेही सांधा दिसत नाही. ज्या नाटकावरून हा केला त्याच्या लेखकाने स्वतःची बहीण मधुमेहाने गमावली होती.

---

न्यू_जर्सीकर

टीव्हीबद्दल कुणीच लिहीत नाहीये म्हणून लिहितो. आमच्याकडे रविवारी रात्री एबीसीवर ब्रदर्स अँड सिस्टर्स लागायची, २००६ ते २०११. नोरा वॉकर. नवरा अचानक जातो, त्याचं बाहेर प्रकरण होतं हे नंतर कळतं, पाच मोठी झालेली मुलं, सगळी सतत फोनवर एकमेकांची गुपितं सांगणारी आणि जेवणाच्या टेबलावर भांडणारी. पायलट म्हणजे नमुन्याच्या पहिल्या भागात ही भूमिका दुसऱ्या नटीने केली होती, मग बदल झाला आणि सॅली आली. आमच्या घरी आई भारतातून आलेली असायची ती म्हणायची, ही बाई आपल्याकडचीच आहे, सगळ्यांच्यात लुडबुड करते आणि सगळ्यांना जेवायला घालते. तिला २००७चं एमी मिळालं आणि भाषणात युद्धावर गेलेल्या मुलांच्या आयांबद्दल बोलताना ती म्हणाली की जगावर आयांचं राज्य असतं तर मुळात युद्धंच झाली नसती, ती जरा शिवी घालून म्हणाली तर चॅनलने आवाजच कापला.

त्याआधीचं ईआर या हॉस्पिटलवरच्या मालिकेतलं काम त्याहून भारी. अॅबी नर्सची बायपोलर असलेली आई मॅगी. आधी गोड, उत्साही, सगळ्यांना भेटवस्तू आणणारी, बघणाऱ्याला वाटतं मुलगी एवढी फटकून का वागते, आणि मग मुलगी का फटकून वागते ते कळत जातं. २००१ला पाहुणी अभिनेत्री म्हणून एमी. माझ्या जवळच्या नात्यात हा आजार आहे, आणि आजारी माणसाला चूक न ठरवता घरच्यांची ओढाताण एवढी नीट दाखवलेली मी कमी पाहिलीये.

---

खिडकीपाशी

तिचे सावत्र वडील म्हणजे टारझन करणारे जॉक माहोनी ना? टारझन गोज टू इंडिया, १९६२, भारतात शूटिंग झालेला, फिरोज खान आणि सिमी गरेवाल होते त्यात.

---

निळी_शाई

हो, तेच. आणि त्यांच्याबद्दल तिने २०१८च्या आत्मचरित्रात लिहिलंय की लहानपणी त्यांनी तिचं लैंगिक शोषण केलं. पडद्यावरचा दणकट हिरो आणि घरात हे. तिने पुस्तक आई गेल्यानंतर लिहिलं, सत्तरी ओलांडल्यावर, आणि त्यात आईवर प्रेमही आहे आणि आईला विचारलेले प्रश्नही. सिबिल ती कुठून करत होती हे ते वाचल्यावर जाणवतं. यापेक्षा जास्त मी लिहीत नाही, तिच्याच शब्दांत वाचावं.

न्यू_जर्सीकर, फार बरं केलंत. सिनेमातून टीव्हीवर जाणं तेव्हा उतरणीला लागल्याचं मानायचे, आणि दोन ऑस्करवाली ही बाई दुय्यम पाहुणी म्हणून ईआरमध्ये गेली. तिने काम बघितलं, जागा नाही.

आता लिंकन. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. स्पीलबर्गने तिला लिंकनच्या बायकोच्या, मेरी टॉड लिंकनच्या भूमिकेसाठी आधीच घेतलं होतं, तेव्हा लिंकन लियाम नीसन करणार होता. पुढे नीसन बाहेर पडला, डॅनियल डे लुईस आला आणि स्पीलबर्गने तिला कळवलं की आता तू मला या भूमिकेत दिसत नाहीस. ती डे लुईसपेक्षा दहा वर्षांनी मोठी, मेरीच्या त्या वेळच्या वयापेक्षा वीसेक वर्षांनी. तिने सांगितलं, माझी टेस्ट घ्या. दोन ऑस्कर, वय चौसष्टच्या आसपास, आणि टेस्ट मागतेय. घेतली, तरी नकारच आला. मग डे लुईस स्वतः आयर्लंडहून विमानाने आला, दोघांनी एकत्र टेस्ट दिली आणि भूमिका मिळाली. तिने पंचवीस पौंड वजन वाढवलं, तिसऱ्यांदा ऑस्करचं नामांकन आलं. मुलगा सैन्यात जाणार म्हणून नवऱ्याशी भांडते तो सीन बघा, त्यात राष्ट्राध्यक्ष कुठेच नाही, आधीच मूल गमावलेले आईबाप आहेत.

---

डोंगरवाट

हे माहिती नव्हतं मला. चला, कुठून सुरू करू सांगा, तीनच सांगा, वेळ कमी असतो. आणि साठीनंतरचं काही हलकं पण सांगा, आईला दाखवायचंय.

---

निळी_शाई

आधी नॉर्मा रे, मग प्लेसेस इन द हार्ट, मग लिंकन. आईसाठी हॅलो माय नेम इज डोरिस (२०१५). आयुष्यभर आईची सेवा केलेली, ऑफिसमध्ये कोपऱ्यात बसणारी साठीच्या पुढची बाई, ती स्वतःपेक्षा खूप तरुण सहकाऱ्याच्या प्रेमात पडते. हसू येतं पण तिच्यावर कुणी हसत नाही. सॅली त्यात अख्खा सिनेमा एकटी उचलते, कुणाची आई नाही, कुणाची बायको नाही. आईंना कसा वाटला ते इथे लिहा नक्की.

आणि कुणी तिला रंगभूमीवर पाहिलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा. २०१७ला न्यूयॉर्कला द ग्लास मिनॅजरी केलं होतं, रंगभूमीच्या टोनी पुरस्काराचं नामांकन होतं, आणि २०१९ला लंडनच्या ओल्ड विकला ऑल माय सन्स. न्यू_जर्सीकर, तुमच्याकडून मला आशा आहे.